विश्रांतीची मजुरी

ऊसतोडीच्या टोळीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती या जोडीला. बायको घरी राहिली की तो अर्धा कोयता होतो, उचल अर्ध्यावर येते आणि पुष्कळदा तेवढीही मिळत नाही, कारण अर्धा कोयता टोळीत घ्यायला मुकादम राजी नसतो. एकानं ऊस तोडायचा, दुसऱ्यानं मागून मोळ्या बांधायच्या, आणि गाडी आली की त्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवायच्या, अशी ही कामाची वाटणी. म्हणून दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांमधून ज्या गाड्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात, त्यांत भांडीकुंडी, शेळ्या आणि लेकरांसोबत पाचव्या-सहाव्या महिन्यातल्या बायकाही असतात.

त्यांना जाऊ नको म्हणणारं कोणी नसतं असं नाही. आई म्हणते, सासू म्हणते, आशाताई तर घरी येऊन बजावते. अशीच एक बाई, सातवा लागत आलेला, आशाताईला म्हणाली होती, “उचल घिऊन बसलेत मालक, मी मागं कशी राहू, ताई?” उचलीचा पैसा आधीच गेलेला होता: थोरल्या नणंदेच्या लग्नाचं देणं, पावसाळ्यातलं किराणा दुकानाचं खातं, घरावरचे पत्रे. आशाताईनं तिच्या पिशवीत लोहाच्या गोळ्यांची पाकिटं घातली, माता-बाल संरक्षण कार्ड नीट जपायला सांगितलं आणि जिथं जाल तिथल्या सरकारी दवाखान्यात हे दाखवा म्हणून सांगितलं. आशाताईच्या हातात याहून जास्त काही नव्हतं.

गर्भवतीला सरकार जे पैसे देतं, ते अशा वेळी तिच्या हातात पडून तिला घरी थांबता यावं यासाठी असले पाहिजेत, असं माझं म्हणणं आहे. बुडणाऱ्या मजुरीची भरपाई म्हणून ते द्यावेत, वेळेवर द्यावेत, आणि मजुरीच्या हिशेबानं द्यावेत. आज ते बक्षीस म्हणून दिले जातात. तपासणी केली, बाळ जन्मलं, त्याची नोंद झाली, लसी टोचल्या, की त्याबद्दल रक्कम. हा फरक वरवर बारीक दिसेल. पण रक्कम किती, केव्हा आणि कोणाला, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं त्यावरच अवलंबून आहेत आणि तिन्ही ठिकाणी आपण चुकतो आहोत.

आधी रक्कम पाहू. प्रधानमंत्री मातृ वंदना योजना २०१७ साली देशभर सुरू झाली. पहिल्या जिवंत अपत्यासाठी ५,००० रुपये, तेव्हा तीन हप्त्यांत. एप्रिल २०२२ पासून नियम बदलले. आता पहिल्या वेळी ३,००० आणि २,००० असे दोन हप्ते मिळतात, आणि दुसरं अपत्य मुलगी झाली तर एकरकमी ६,००० रुपये. महाराष्ट्रात रोजगार हमीचा २०२५-२६ साठी ठरलेला दर दिवसाला ३१२ रुपये होता. म्हणजे पाच हजारांत रोजगार हमीची सोळा दिवसांची मजुरी बसते. ऊसतोडीचा दर जानेवारी २०२४ च्या करारात ३४ टक्क्यांनी वाढून टनाला ३६६ रुपयांच्या आसपास गेला. एक जोडी दिवसाला दोन टनांच्या आगेमागे ऊस तोडते. त्यातला बाईचा अर्धा वाटा धरला, तरी हिशेब पुन्हा दोन आठवड्यांवरच येऊन थांबतो. हंगाम पाच महिन्यांचा.

दुसरीकडे संघटित क्षेत्रात नोकरी करणाऱ्या बाईला २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे. ती तिला मिळालीच पाहिजे, त्यात एक दिवसही जास्त नाही. पण २६ आठवड्यांचे कामाचे दिवस धरून रोजगार हमीच्या दरानं हिशेब केला, तर रक्कम ४८,००० च्या पुढे जाते. एकाच राज्यात एका आईच्या विश्रांतीचं मोल सहा महिन्यांचा पगार आणि दुसरीचं सोळा दिवसांची मजुरी, आणि ही दुसरी उन्हात मोळ्या वाहणारी. विश्रांतीची गरज कोणाला जास्त, हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

हे पाच हजारही कुठून आले, ते पाहण्यासारखं आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यानं प्रत्येक गर्भवती आणि स्तनदा मातेला किमान ६,००० रुपयांचा हक्क दिला. वगळल्या त्या फक्त सरकारी नोकरीत असलेल्या किंवा दुसऱ्या कायद्यानं असाच लाभ मिळणाऱ्या. कितवं मूल, मुलगा की मुलगी, असली अट कायद्याच्या त्या कलमात नाही. कायदा झाला, पण देशभराची योजना यायला चार वर्षं लागली. तोवर फक्त ५३ जिल्ह्यांत इंदिरा गांधी मातृत्व सहयोग योजना प्रायोगिक म्हणून चालली. योजना देशभर आली तेव्हा सहाचे पाच हजार झाले. उरलेलं जननी सुरक्षा योजनेतून भरून निघेल असं सांगण्यात आलं. महाराष्ट्रात जननी सुरक्षेचे ग्रामीण भागात दवाखान्यातल्या बाळंतपणाला ७०० रुपये मिळतात, तेही दारिद्र्यरेषेखालच्या आणि अनुसूचित जाती-जमातींच्या बायकांना. सातशे आणि पाच हजार मिळून सहा हजार होत नाहीत. शिवाय २०१३ नंतर किराणा, तेल, डाळ, जीपचं भाडं कुठे गेलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. रक्कम मात्र तिथंच खिळली आहे. तामिळनाडूनं १९८७ साली ३०० रुपयांपासून सुरुवात करून मुथुलक्ष्मी रेड्डी योजनेची रक्कम टप्प्याटप्प्यानं १८,००० वर नेली. ओडिशाच्या ‘ममता’ योजनेत मुलगा-मुलगी असा भेद न करता दोन बाळंतपणांना पैसे दिले गेले. महाराष्ट्राची अर्थव्यवस्था या दोन्ही राज्यांपेक्षा मोठी आहे.

आता या पैशानं आपण नेमकं काय विकत घेतो आहोत? हप्त्यांच्या अटी वाचल्या तर दिसतं की लवकर नोंदणी, तपासणी, जन्मनोंद आणि लसीकरण यांना प्रोत्साहन म्हणून पैसे आहेत. ही कामं महत्त्वाचीच आहेत. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातली जवळपास ९५ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होत होती. आशाताई, अंगणवाडीताई आणि उपकेंद्रातल्या सिस्टर यांनी वर्षानुवर्षं उंबरे झिजवून हे घडवलं. त्याच पाहणीत राज्यातल्या ४५.७ टक्के गर्भवतींच्या अंगात रक्त कमी असल्याचं आढळलं. म्हणजे बाई दवाखान्यापर्यंत पोचते, पण पोचते ती थकलेली, निस्तेज, रक्त कमी असलेली. जे घडतंच आहे त्याच्यासाठी अट आणि हप्ता आहे. जे घडत नाही, म्हणजे शेवटचे तीन महिने वजन न उचलणं, दुपारी आडवं होणं, दोन घास जास्त खाणं, त्यासाठी योजनेत काही नाही.

दोन घास जास्त खाणं हे सांगायला सोपं आहे. मराठवाड्यातल्या कोरडवाहू घरात बाईचं ताट शेवटी वाढलं जातं. अंगणवाडीतून मिळणारा घरपोच आहार घरात आला की तो घराचा होतो. दोन लेकरं समोर बसली असताना पुडा फक्त स्वतःसाठी फोडणारी आई मी पाहिलेली नाही आणि तिनं तसं करावं अशी अपेक्षाही करणार नाही. घरात एकूण पैसाच थोडा जास्त आला, तर तिच्या ताटात पडतं. आणि तिनं कामावर जायचं थांबवलं, तर पैसा थोडा कमी येतो. या पेचातून तिला बाहेर काढायचं असेल, तर कमी आलेला पैसा भरून देण्याशिवाय दुसरा उपाय मला दिसत नाही.

हे फक्त ऊसतोडीचं नाही. कापसाच्या वेचणीला किलोवर मजुरी मिळते. आठव्या महिन्यात वाकता येत नाही म्हणून ओटीत कापूस कमी भरतो आणि मजुरीही कमी होते. सोयाबीनची काढणी चार दिवसांत उरकायची असते, तेव्हा गावात हात कमी पडतात आणि पोटुशी बाईलाही बोलावणं येतं. वीटभट्टीवर तर मुक्कामच तिथं.

दुसऱ्या अपत्याच्या अटीबद्दल जरा सविस्तर बोललं पाहिजे, कारण वरवर ती फार चांगली वाटते. मुलगी झाली तर सहा हजार. बीड जिल्ह्यानं २०११ च्या जनगणनेत दर हजार मुलांमागे ८०७ मुली हा आकडा पाहिला आहे. मुलीच्या जन्माचं स्वागत व्हावं यासाठी इथं जे करू ते थोडं. पण गर्भवतीच्या मदतीला ही अट जोडल्यानं होतं काय? लिंगनिदानाला कायद्यानं बंदी आहे, ती असायलाच हवी. म्हणजे मूल जन्मेपर्यंत ही बाई पात्र आहे की नाही हे कोणालाच कळू शकत नाही. परिणामी दुसऱ्या खेपेच्या पूर्ण नऊ महिन्यांत तिला एक रुपयाही मिळत नाही. पहिलं मूल अंगावर पितंय, घरकाम आहे, शेतात जायचंय, अशी ती दुसऱ्या खेपेला पहिल्यापेक्षा जास्त दमलेली असते, आणि पैसे येतात ते बाळंतपणानंतर, मुलगी झाली तरच. मुलगा झाला तर तिच्या झिजलेल्या शरीराची गरज कमी होते का? मुलीच्या जन्माला प्रोत्साहन द्यायला आपल्या राज्यात १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलींसाठी ‘लेक लाडकी’ योजना आहे. पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेच्या घरांतल्या मुलीला टप्प्याटप्प्यानं एकूण १ लाख १ हजार रुपये देणारी. ते काम त्या योजनेनं करावं, हवी तर रक्कम वाढवावी. आईच्या विश्रांतीला बाळाच्या लिंगाची अट घालणं मला अन्यायाचं वाटतं, आणि हे मी मुलीच्या बाजूनं म्हणतो आहे, कारण ती मुलगीही उद्या आई होणार आहे.

वयाची अट आणखी खोल जखमेवर बोट ठेवते. नव्या नियमांप्रमाणे लाभार्थीचं वय किमान १८ वर्षं ७ महिने असावं लागतं. हेतू उघड आहे: बालविवाहाला सरकारी पैशानं हातभार लागू नये. पण याच आरोग्य पाहणीत परभणी जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या जवळपास निम्म्या बायकांची लग्नं अठराच्या आत झालेली होती आणि बीडमध्ये हे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या वर होतं. याचंही एक कारण हंगामच आहे. आई-बाप सहा महिने बाहेर जाणार, वयात आलेली पोर कोणाच्या भरवशावर ठेवायची, फडावर कोपीत, म्हणजे झोपडीत, न्यायची तर तिथं धड आडोसा नाही. मग लग्न लावून दिलं की तिचा नवरा आणि ती मिळून एक नवा कोयता होतो. या पोरीचं पहिलं बाळंतपण सतराव्या-अठराव्या वर्षी होतं. सगळ्यात जोखमीचं बाळंतपण हेच, आणि पैसे नेमके इथेच नाहीत. पुढच्या खेपेला ती वयात बसते, पण आता हे दुसरं अपत्य, आणि मुलगा झाला तर पुन्हा नाही. म्हणजे तिच्या आयुष्यात या योजनेतून तिला काहीही न मिळण्याची वाट सरळ मोकळी आहे. बालविवाह लावणारा बाप, सासरा, भटजी, मंडपवाला यांच्यावर कायद्यानं कारवाई व्हावी, जरूर व्हावी. ज्या मुलीवर अन्याय झाला तिच्याच पोटाला चिमटा काढून बालविवाह थांबत नाहीत. ती फक्त दवाखान्यापासून लांब राहते, कारण वय सांगितलं की प्रकरण पोलिसांत जाईल ही भीती घरच्यांना आधीच असते.

आणि मूल मृत जन्मलं तर? दुसरा हप्ता जन्मनोंद आणि लसीकरणावर असल्यामुळे त्या बाळंतपणाचा तो हप्ता मिळत नाही. पुढच्या वेळी पुन्हा अर्ज करता येतो. त्या बाईचीही मजुरी बुडालेली असते, तिचंही अंग ओलं असतं.

कागदांच्या अडचणी मी थोडक्यात सांगतो, कारण गावात राहणाऱ्या कोणालाही त्या नव्या नाहीत. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. सातव्या-आठव्या महिन्यात पोर माहेरी येते. नोंदणी सासरच्या उपकेंद्रात, बाळंतपण माहेरच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा अंबाजोगाईला नाहीतर छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात, जन्मदाखला तिसरीकडे, लसी चौथीकडे. आधारवर माहेरचं नाव, शिधापत्रिकेवर नावच चढलेलं नाही, बँकेत खातं आहे पण आधारला जोडलेलं खातं दुसरंच, ओटीपी येतो तो नवऱ्याच्या मोबाइलवर आणि नवरा फडावर. योजना पहिल्या अपत्यासाठी, आणि पहिल्या अपत्याच्या वेळीच नव्या नवरीची कागदपत्रं सगळ्यात जास्त विस्कटलेली असतात. ऊसतोडीला गेलेली बाई तर कारखान्याच्या परिसरात बाळंत होते आणि जन्मदाखल्यासाठी पुन्हा त्या गावी जायचं म्हणजे दोन दिवसांची मजुरी आणि भाडं.

या अडचणी सुटण्यासारख्या नाहीत, यंत्रणाच तेवढी सक्षम नाही, असं कोणी म्हणू लागलं तर मी २०२४ च्या उन्हाळ्यानंतरचे दोन महिने आठवायला सांगेन. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना जूनमध्ये जाहीर झाली, जुलैत अर्ज भरले गेले आणि ऑगस्टमध्ये राखीपौर्णिमेच्या आधी दोन महिन्यांचे मिळून ३,००० रुपये खात्यावर पडायला लागले. त्याच आशाताई, त्याच अंगणवाडीताई, तेच सेवा केंद्र, तेच आधार. गावागावांत रात्री नऊपर्यंत बसून अर्ज भरले गेले, आधार जोडणीसाठी बँकांबाहेर रांगा लागल्या आणि कामं झाली. मी त्या योजनेच्या विरोधात नाही; महिन्याचे दीड हजार रुपये स्वतःच्या नावावर आल्यानं बायकांच्या बोलण्यात आलेला ताठपणा मी गावात पाहतो आणि मला तो आवडतो. पण हे झाल्यावर आता प्रशासनाला जमत नाही ही सबब उरत नाही. आणि तुलना मनात येतेच. लाडकी बहीण म्हणून बाईला नऊ महिन्यांत १३,५०० रुपये मिळतात. गर्भवती म्हणून त्याच नऊ महिन्यांत तीन हजार, उरलेले दोन बाळाच्या साडेतीन महिन्यांच्या लसी झाल्यावर. शिवाय लाडकी बहीण एकवीस वर्षांपासून पुढे. एकोणीस-वीस वर्षांची पोटुशी पोर तिथंही बाहेर. गर्भवती बायकांची संघटना होत नाही, कारण कोणतीही बाई कायमची गर्भवती नसते. पुढच्या निवडणुकीपर्यंत तिचं मूल चालायला लागलेलं असतं. म्हणून त्यांच्या वतीनं बाकीच्यांनी बोलायला हवं.

आक्षेप मी ऐकले आहेत. पैसे दिले तर नवरा दारूत उडवील. काही नवरे उडवतीलही. पण त्याच नवऱ्याच्या हातात उचलीची सगळी रक्कम पडते तेव्हा हा प्रश्न कोणी विचारत नाही. बाईच्या स्वतःच्या खात्यावर येणाऱ्या पैशालाच तो विचारला जातो. दुसरा आक्षेप: लोक जास्त मुलं होऊ देतील. महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७ वर आला आहे; लोकसंख्या स्थिर राहायला लागणाऱ्या २.१ पेक्षा खाली. वीस-पंचवीस हजारांसाठी कोणी मूल जन्माला घालत नाही, एवढं तरी आपल्या बायकांना ओळखावं. तिसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो: पैसे वाटण्यापेक्षा ग्रामीण रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञ आणि सोनोग्राफी द्या. ते द्यायलाच हवं. तालुक्याच्या रुग्णालयात सोनोग्राफी यंत्र असून ते चालवणारा नसला की बाई खासगीत जाते आणि पहिल्या हप्त्याचा मोठा भाग तिथंच संपतो. पण उत्तम रुग्णालय झालं तरी ते तिच्या डोक्यावरची मोळी उतरवू शकत नाही. दोन्ही लागतं, आणि एकाच्या नावाखाली दुसरं टाळलं जाऊ नये.

पैसा कुठून आणायचा? महाराष्ट्रात वर्षाला ढोबळमानानं वीस लाखांच्या आत जन्म होतात. सरकारी आणि पगारी नोकरीतल्या बायका वगळल्याच नाहीत, सगळ्या वीस लाख धरल्या, आणि प्रत्येकीला रोजगार हमीच्या दरानं नव्वद दिवसांची मजुरी, म्हणजे सुमारे २८,००० रुपये दिले, तरी ५,६०० कोटी होतात. लाडकी बहीणसाठी २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ३६,००० कोटी ठेवले होते. त्याच्या सहाव्या हिश्शाहून हे कमी आहे, आणि यातला काही भाग केंद्राच्या योजनेतून येणारच आहे.

ऊसतोड बायकांसाठी तर आणखी एक हक्काचा स्रोत आहे. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात गिरणी कामगार बायकांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले होते. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून त्याचा भार मुख्यतः सरकारनं उचलावा, असं त्यांनी मांडलं. पण मालक बाईला कामावर ठेवतो ते त्यात त्याचा फायदा असतो म्हणून, तेव्हा काही वाटा त्यानंही उचलणं रास्त आहे, असंही ते म्हणाले. १९२९ मध्ये मुंबई प्रांताचा कायदा झाला. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. तो कायदा इथं आला नाही. आज मराठवाडा महाराष्ट्रात आहे, पण ऊसतोड बाईला कोणी मालकच नाही. कारखाना म्हणतो ती मुकादमाची, मुकादम म्हणतो मी नुसता मधला. तिच्या घामावर साखर, इथेनॉल, वीज निघते आणि तिच्या बाळंतपणाचा धनी कोणी नाही.

विश्रांती न मिळालेल्या शरीराचं काय होतं, हे बीडनं २०१९ साली जगाला दाखवलं. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर आलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. एक दिवस काम चुकलं की खाडा, आणि खाड्याला पाचशे रुपये किंवा त्याहून जास्त दंड. पाळी, अंगावरून जाणं, बाळंतपणानंतर लगेच वजन उचलल्यानं खाली सरकलेलं अंग, या सगळ्यावर खाडा परवडत नाही म्हणून पिशवीच काढून टाकायची. शस्त्रक्रिया करणाऱ्या काही दवाखान्यांवर तेव्हा खूप बोललं गेलं आणि ते योग्यच होतं. बाळंतपणानंतरचे सहा आठवडे ती बाई घरी का राहू शकली नव्हती, यावर मात्र फार कोणी बोललं नाही.

गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी गाळप होणाऱ्या प्रत्येक टनामागे कारखान्यांनी दहा रुपये द्यायचे आणि तेवढेच सरकारनं घालायचे, असं ठरलेलं आहे. बऱ्या हंगामात राज्यात दहा कोटी टनांच्या आसपास ऊस गाळला जातो. म्हणजे दोन्ही मिळून वर्षाला २०० कोटी. हंगामाला निघणाऱ्यांत पंचवीस हजार गर्भवती आणि नुकत्या बाळंत झालेल्या बायका आहेत असं समजू. प्रत्येकीला २८,००० दिले तर ७० कोटी लागतात. ही रक्कम बाकी सगळ्यांना मिळणाऱ्या मदतीपेक्षा वेगळी ठेवून, तिच्यासाठी एक साधी रीत लावता येईल. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आशाताईकडे गावातल्या प्रत्येक गर्भवतीची यादी असतेच. हंगामाला जाणाऱ्या घरांची यादी ग्रामसेवकाकडे असावी, कारण ऊसतोड कामगारांच्या ओळखपत्रांचं काम गावपातळीवरच होतं. दोन्ही याद्या जुळवायच्या आणि दसऱ्याच्या आत निम्मी रक्कम एकदम खात्यावर टाकायची, उरलेली बाळंतपणाच्या महिन्यात. जन्मदाखल्याची वाट पाहायची नाही, कितवं मूल हे विचारायचं नाही. आशाताईला या कामाचा वेगळा मोबदला द्यायचा. आणि मुकादमाशी होणाऱ्या करारात सहाव्या महिन्यानंतरची गर्भवती आणि बाळंतपणानंतर तीन महिन्यांची बाई घरी राहिली तर तो पूर्ण कोयताच धरला जाईल, तिच्या जागेचा खर्च महामंडळ भरेल, अशी ओळ घालायची. खाडा तिच्यासाठी असणार नाही, हेही त्यात लिहून घ्यायचं.

दरवर्षी पावसाळा संपता संपता मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली मंत्री समितीची बैठक होते आणि गाळप हंगाम कधी सुरू करायचा याची तारीख ठरते. उसाचा दर, कारखान्यांकडून करायच्या कपाती, सगळं त्याच बैठकीत टेबलावर असतं. हा विषयही तिथंच, त्याच दिवशी घेतला गेला पाहिजे, आणि गाळपाचा परवाना मागणाऱ्या प्रत्येक कारखान्याला महामंडळाचे टनामागचे दहा रुपये भरल्याची पावती आधी दाखवावी लागली पाहिजे. मराठवाड्यातल्या आमदारांनी, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत, त्या बैठकीच्या आधी हे लेखी मागावं. ज्यांच्या स्वतःच्या नावावर कारखाने आहेत त्यांनी आधी मागावं.